अभिजात पाश्चात्त्य रचनांचे चिपट्यून: कोणता स्वर ठेवावा आणि कोणता सोडावा

आपल्या प्रश्नाचा गाभा मला असा दिसतो. निन्टेंडोच्या एनईएस या जुन्या गेम-यंत्राच्या मर्यादा पाळून आपण एक गेम तयार करीत आहात. त्यासाठी स्वामित्वहक्काची मुदत संपलेल्या पाश्चात्त्य अभिजात रचना चिपट्यून, म्हणजे अशा यंत्राच्या ध्वनी-चिपवर वाजणारे संगीत, म्हणून वापरण्याचा आपला विचार आहे. परंतु ऑर्केस्ट्राची किंवा पियानोची मिडी फाइल (स्वरांची संगणकीय नोंद) ट्रॅकरमध्ये, म्हणजे ओळीओळीने स्वर भरण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये, ओतली की नुसता गोंगाट ऐकू येतो, आणि स्वर कापत गेले तर मूळ रचनाच ओळखू येत नाही. कोणत्या रचना निवडाव्यात, त्या कशा उतरवाव्यात आणि हक्कांच्या बाबतीत काय सांभाळावे, असे आपण विचारले आहे. या तिन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत, म्हणून उत्तर थोडे लांबेल.

गोंगाटाचे कारण चिपमध्ये नाही, मिडी फाइलमध्ये आहे. तिच्यात वाजणारा प्रत्येक स्वर नोंदलेला असतो, पण त्या स्वराचे रचनेतील काम काय, याची नोंद कुठेच नसते. सेकंड व्हायोलिन, व्हायोला आणि बासून हे खर्जाचे सुषिरवाद्य एकाच कॉर्डचे (एकत्र वाजणाऱ्या स्वरसमूहाचे) स्वर वेगवेगळ्या सप्तकांत धरून ठेवतात, तेव्हा ते नवे काही सांगत नसतात, तर भरीवपणा देत असतात. आपल्या यंत्रात तो भरीवपणा देण्यासाठी जागाच नाही. म्हणून रूपांतरकाराचे खरे काम, कोणता स्वर वगळला तरी ऐकणाऱ्याचा कान तो आपण होऊन भरून काढील, हे ओळखण्याचे आहे. बाकीचे सारे तंत्र त्यानंतर येते.

आधी हाताशी काय आहे ते पाहू. एनईएसच्या २ए०३ या चिपवर पाच चॅनल आहेत: दोन पल्स (चौकोनी लहर), एक ट्रँगल (त्रिकोणी लहर), एक नॉइज (खरखर) आणि लहान ध्वनिनमुने वाजवणारा डीपीसीएम. पल्स चॅनलला आवाजाच्या १६ पातळ्या असून १२.५, २५, ५० आणि ७५ टक्के अशा चार ड्यूटी, म्हणजे लहर किती वेळ वर राहते याची प्रमाणे, मिळतात. त्यांपैकी २५ आणि ७५ कानाला सारख्याच लागतात, म्हणजे वास्तवात रंग तीनच. ट्रँगलला आवाज कमीजास्त करण्याची सोयच नाही. तो एक तर वाजतो, नाही तर बंद असतो. अमेरिकी व जपानी एनटीएससी यंत्रावर पल्स चॅनल सुमारे ५५ हर्ट्झपर्यंत खाली जातो आणि ट्रँगल त्याच्याही एक सप्तक खाली जातो. चेलोची सर्वांत खालची तार सुमारे ६५ हर्ट्झची असते, त्यामुळे चेलोचा सगळा पल्ला पल्सवर बसतो. डबल बास मात्र ट्रँगलकडेच द्यावा लागतो. थोडक्यात, स्वर धरणारे चॅनल तीनच आहेत. डीपीसीएमवर टिंपनीचा ठोका ठेवता येतो, पण नमुने जागा खातात, म्हणून मी तो हिशेबात धरत नाही.

या तीन चॅनलांसाठी रचना निवडताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. हार्पसिकॉर्डवर बोटाचा दाब वाढवला म्हणून आवाज वाढत नाही. त्या वाद्यासाठी लिहिणाऱ्या रचनाकारांना जोर दाखवायचा असेल तेव्हा ते स्वरांची दाटी वाढवीत, अलंकार घालीत, स्वर तोडून किंवा जोडून वाजवायला लावीत. चिपपुढची अडचण नेमकी हीच आहे, आणि म्हणून बाख, स्कार्लाती यांच्या रचना जवळजवळ न बदलता उतरतात. बाखच्या १५ इन्व्हेन्शन्स दोन आवाजी आहेत आणि १५ सिन्फोनिया तीन आवाजी. या सिन्फोनिया पाहिल्या की दोन पल्स आणि एक ट्रँगल यांच्यासाठीच लिहिल्या असाव्यात असे वाटते. एकट्या चेलोसाठीच्या जी मेजर सुईटचा प्रेल्यूड तर त्याहून बोलका आहे. तिथे एकच ओळ खालचा, मधला आणि वरचा स्वर आळीपाळीने वाजवीत जाते आणि कानाला तीन आवाज ऐकू येतात. चिपट्यून करणाऱ्याने ही एक रचना महिनाभर जवळ बाळगावी, इतके तिच्यात शिकण्यासारखे आहे.

याउलट शोपॅनची नॉक्टर्न किंवा दब्युसीचे ‘क्लेअर द ल्यून’ यांचे सौंदर्य पेडलने मिसळलेल्या नादात आणि लयीच्या सैलपणात आहे. ती उतरत नाहीत असे मी म्हणणार नाही, पण पहिल्या वर्षात त्यांच्या वाटेला जाऊ नये. बेथोव्हनच्या ‘मूनलाइट’ सोनाटाचा पहिला भाग मात्र अपवाद ठरतो, कारण तिथे कॉर्ड सुट्या करूनच लिहिलेल्या आहेत: तीन-तीन स्वरांचे गट एका पल्सवर, वरची संथ धून दुसऱ्या पल्सवर आणि डाव्या हाताचे एका सप्तकाच्या अंतराने जोडीने वाजणारे स्वर ट्रँगलवर एकेरी करून. एका मात्रेत चारऐवजी तीन ओळी धरायच्या, एवढेच ट्रॅकरमध्ये सांभाळावे लागते.

ऑर्केस्ट्राची रचनाच हवी असेल तर थेट ऑर्केस्ट्राच्या स्वरलिपीवरून सुरुवात करू नका. लिस्टने बेथोव्हनच्या नवही सिम्फनी पियानोसाठी उतरवल्या आहेत. लिस्टचे निधन १८८६ साली झाले, त्यामुळे तीही रूपांतरे आता सर्वांना खुली आहेत. साठ-सत्तर वादकांचे काम दहा बोटांवर आणताना त्याने काय टाकले, काय एका सप्तकाने हलवले आणि कोणत्या धरलेल्या स्वराऐवजी कंपित स्वर लिहिला, हे मूळ स्वरलिपी शेजारी ठेवून पाहावे. दहा बोटांवरून तीन चॅनलांवर येण्याची दुसरी पायरी मग आपली आपल्याला सुचते.

त्या दुसऱ्या पायरीचे माझे नियम असे आहेत. सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा आवाज अबाधित ठेवावा. कानाला रचनेचा आकार या दोन कडांवरून कळतो. मधल्या एका आवाजाला जागा असेल तेव्हा कॉर्डचा पाचवा स्वर प्रथम सोडावा, कारण तो नसल्याची जाणीव क्वचितच होते. तिसरा स्वर सोडू नये, कारण कॉर्ड मेजर की मायनर हे तोच सांगतो. सातवा असेल तर तोही ठेवावा, कारण पुढे कुठे जायचे आहे ते त्याच्यावरून कळते. आणि मधला आवाज दर कॉर्डला उड्या मारत असेल, तर स्वर बरोबर असूनही तो खटकतो. त्याने शक्य तितक्या जवळच्या स्वरावर सरकत जावे, मग भले त्यासाठी मूळ स्वरलिपीतील व्हायोलाची ओळ सोडून अर्ध्या मात्रेपुरती क्लॅरिनेटची ओळ धरावी लागो. माझ्या अनुभवात नवख्या रूपांतरांतील बहुतेक बोजडपणा इथूनच येतो.

तीन स्वर एकाच चॅनलवर दर फ्रेमला (पडद्यावरील एका चित्राला) फिरवून कॉर्डचा भास निर्माण करणे, म्हणजे वेगवान आर्पेजिओ, ही चिपट्यूनची सर्वपरिचित युक्ती आहे. सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर तीन स्वरांचे चक्र सेकंदाला २० वेळा फिरते आणि त्यातून ती ओळखीची थरथर येते. अभिजात संगीतात ही युक्ती मी जपून वापरतो. बाखच्या प्रवाही आवाजांत ती घातली तर आवाजांची स्वतंत्र चाल पुसली जाते. जिथे कॉर्ड धरून ठेवलेली आहे, तिथे वापरायची झाली तरी मूळ स्वर बेसमध्ये आहेच हे ध्यानात घेऊन उरलेले दोनच स्वर फिरवावेत. थरथर कमी होते आणि नाद स्वच्छ राहतो. खरे तर अठराव्या शतकाने याच अडचणीवर काढलेला उपाय अधिक सुंदर आहे. डाव्या हाताने कॉर्डचे स्वर खालचा, वरचा, मधला, वरचा अशा क्रमाने सुटे वाजवायचे, याला अल्बेर्ती बास म्हणतात. मोत्सार्टचा १७८८ सालचा सी मेजर सोनाटा, के. ५४५, असाच सुरू होतो. तो एका पल्सवर जसाच्या तसा ठेवला की दुसरा पल्स धूनीसाठी मोकळा राहतो. ट्रँगलवर प्रत्येक अर्ध्या मापाला (बारला) फक्त मूळ स्वर जोडला, तर तो मोत्सार्टने न लिहिलेला आधार असूनही परका वाटत नाही.

आवाजाचा चढउतार दाखवायला १६ पातळ्या पुरेशा वाटतात, पण एकट्या पातळ्यांनी क्रेशेंदो (आवाज हळूहळू वाढवणे) केला तर तो कोणी तरी बटण फिरवल्यासारखा ऐकू येतो. वाद्य जोराने वाजते तेव्हा त्याचा रंगही उजळतो. म्हणून पातळी वाढवताना मध्येच ५० टक्क्यांवरून २५ टक्के ड्यूटीवर जावे. ५० टक्के ड्यूटीच्या लहरीत फक्त विषम उपस्वर असतात आणि क्लॅरिनेटच्या खालच्या पट्टीतही त्यांचेच प्राबल्य असते, त्यामुळे ती जोडी चांगली जमते. ओबो आणि मंद व्हायोलिनसाठी मी १२.५ टक्के वापरतो. चायकोव्हस्कीच्या ‘शुगर प्लम फेअरी’ या १८९२ सालच्या नृत्यातील सेलेस्टा झटकन विझणारा, ठिपक्यासारखा नाद देते. झपाट्याने उतरणारा पल्स तो सहज देतो. १९८९ सालच्या एनईएसवरील टेट्रिसमध्ये हेच नृत्य निवडले गेले, ही निवड मला फार समंजस वाटते.

दोन पल्सवर एकच धून एकाच वेळी वाजवायची असेल, उदाहरणार्थ बेथोव्हनच्या पाचव्या सिम्फनीची सुरुवात, जिथे तंतुवाद्ये आणि क्लॅरिनेट एकच ओळ वाजवतात, तर दोन्ही चॅनलांना तंतोतंत एकच कंपनसंख्या देऊ नका. दोन्ही लहरी कोणत्या क्षणी सुरू झाल्या यावर आवाज कधी दुप्पट, कधी पोकळ होतो. एकाचा टायमर (स्वराची उंची ठरवणारा आकडा) एका अंकाने सरकवला की संथ आंदोलन येते आणि वादक अनेक असल्याचा भास होतो.

व्हायब्रेटोच्या, म्हणजे स्वराला दिलेल्या हेलकाव्याच्या, बाबतीत एक बारकावा सांगतो, कारण त्याने मला पूर्वी बरेच दिवस छळले आहे. पल्सच्या टायमरचे वरचे तीन बिट चिपच्या ज्या रजिस्टरमध्ये (आकडा नोंदण्याच्या जागेत) जातात, त्यात काहीही लिहिले तरी लहर पहिल्या टप्प्यापासून सुरू होते आणि बारीक ‘टक्’ असा आवाज येतो. एनटीएससी यंत्रावर ४४० हर्ट्झच्या ए स्वरासाठी टायमर २५३ असतो. व्हायब्रेटोने तो तीन अंक वर नेला की २५५ वरून २५६ वर जाताना वरचा बिट बदलतो आणि प्रत्येक हेलकाव्याला तो आवाज ऐकू येतो. खालच्या दोन सप्तकांतील ए स्वरही ५१२ आणि १०२४ या सीमांना असेच चिकटून आहेत. व्हायोलिनच्या रचनांत ए वर लांब थांबे फार असतात. अशा वेळी व्हायब्रेटो उथळ ठेवावा, फक्त वरच्या स्वराच्या बाजूने, म्हणजे टायमर कमी करून, द्यावा, किंवा सारी रचना अर्ध्या स्वराने हलवावी.

लयीचा हिशेबही फ्रेममध्येच करावा लागतो. एका मात्रेत चार ओळी आणि ओळीला सहा फ्रेम धरल्या तर मिनिटाला १५० मात्रा होतात. सात फ्रेमला सुमारे १२८.६, पाचला १८०, चारला २२५. मधल्या लयी हव्या असतील तर ओळींना आळीपाळीने सहा आणि सात फ्रेम द्याव्यात. ग्रीगचे ‘इन द हॉल ऑफ द माउंटन किंग’ हे गेमसाठी वारंवार निवडले जाते. १९८३ सालच्या मॅनिक मायनरमध्येही ते आहे. वेळ संपत आल्याची घाई ते आपोआप निर्माण करते. पण केवळ पूर्ण फ्रेमने लय वाढवली तर आठवरून सातवर जाताना १६ मात्रांची आणि पाचवरून चारवर जाताना ४५ मात्रांची उडी बसते, म्हणजे जिथे चढण सर्वांत गुळगुळीत हवी तिथेच पायरी सर्वांत उंच होते. त्यासाठी अपूर्णांकाची बेरीज ठेवणारे संगीत-इंजिन घ्यावे किंवा मिश्र फ्रेमच्या पायऱ्या हाताने लिहाव्यात. ट्रिलचे (दोन शेजारी स्वर झपाट्याने आलटूनपालटून वाजवण्याच्या अलंकाराचे) स्वर चार ते सहा फ्रेमला बदलावेत. दोन फ्रेमला बदलले तर तो अलंकार न राहता आर्पेजिओसारखा ऐकू येतो.

आता गेमचा विचार. इथे रचना एकटी वाजत नाही. उडी, मार, नाणे यांचे आवाज एखादा चॅनल मधूनच हिसकावून घेतात. बहुधा दुसरा पल्स आणि नॉइज यांचा त्यासाठी बळी जातो. म्हणून मुख्य धून पहिल्या पल्सवर ठेवावी. मग दुसरा पल्स पूर्ण बंद करून सगळी रचना एकदा ऐकावी. फक्त धून आणि बेस यांवर ती उभी राहत असेल तरच रूपांतर पुरे झाले असे मी मानतो.

लूपसाठी जुने नृत्यप्रकार उत्तम. मिन्यूएट, गाव्होत वगैरेंचे दोन भाग असतात, प्रत्येक भाग दोनदा वाजतो आणि शेवट मूळ स्वरावर होऊन सुरुवातीला बेमालूम जोडला जातो. गेमबॉयवरील टेट्रिसमध्ये बाखच्या तिसऱ्या फ्रेंच सुईटमधील मिन्यूएट आहे, ते याच कारणाने शोभते. सोनाटा-रूपातील लांब विकास-भाग मात्र खेळाडू दर ४० सेकंदांनी मरत असेल तर कधीच ऐकला जात नाही.

पाखेलबेलचा कॅनन या दृष्टीने मला सर्वांत रमवणारा आहे. आठ स्वरांचा बेस २८ वेळा फिरतो. त्यावर तीन व्हायोलिन एकच ओळ दोन-दोन मापांच्या अंतराने वाजवतात. म्हणजे धूनीचा डेटा स्मृतीत एकदाच ठेवून तीन पॉइंटरांनी (वाचनखुणांनी) तो वेगवेगळ्या ठिकाणी वाचायचा. बेस तर एका छोट्या पॅटर्नपुरता. सुरुवातीच्या साध्या कार्ट्रिजमध्ये प्रोग्रॅमसाठी १६ किंवा ३२ किलोबाइट असत आणि त्यातच खेळ, नकाशे, संगीत सारे बसवावे लागे. तिथे या रचनेचा आकारच बचत करून देतो. आपल्याकडे मोकळे पल्स दोनच असल्याने तिसरे व्हायोलिन सोडावे लागते. दोन्ही ओळी एकाच पट्टीत वावरतात, म्हणून एकीला २५ आणि दुसरीला ५० टक्के ड्यूटी द्यावी, म्हणजे कान त्यांना वेगळे ओळखतो.

ट्रँगलवरच्या बेसबद्दल एवढेच, की त्रिकोणी लहरीचे उपस्वर फार दुबळे असतात. तिसऱ्या उपस्वराच्या लहरीची उंची मूळ स्वराच्या लहरीच्या नवव्या भागाएवढी असते. त्यामुळे १०० हर्ट्झच्या खालचा बेस लहान स्पीकरवर अक्षरशः नाहीसा होतो. ऑर्गनचा खर्ज एक सप्तक वर आणणे हा इथे अपराध नाही. एकच स्वर पुन्हा वाजवायचा असेल तर मध्ये एक-दोन फ्रेम ट्रँगल बंद करावा, अन्यथा दोन स्वर मिळून एकच लांब स्वर ऐकू येतो.

दुसऱ्या यंत्रासाठी काम करणार असाल तर हिशेब बदलतो. सेगा मास्टर सिस्टिमच्या चिपचा खालचा टोकाचा स्वर सुमारे १०९ हर्ट्झचा आहे, म्हणून तिथे बेस आपोआपच वर सरकतो. कमोडोर ६४ च्या सिड चिपवर आवाज तीनच असले तरी प्रत्येकाला स्वतःचे एन्व्हलप (स्वर उमलण्या-विझण्याचा आराखडा) आणि सामाईक फिल्टर मिळते. तंतुवाद्यांचे संथ उमलणे तिथे छान साधते. युरोपीय पाल एनईएसवर फ्रेम ५० आणि घड्याळ मंद असल्याने न बदललेली रचना अर्ध्या स्वराहून थोडी अधिक खाली आणि एक षष्ठांश मंद वाजते. साधनांमध्ये फॅमीस्टुडिओ आणि फर्नेस हे दोन्ही खुले व विनामूल्य आहेत.

हक्कांच्या बाबतीत रचना, तिची छापील आवृत्ती आणि तिचे ध्वनिमुद्रण या तीन वेगळ्या वस्तू समजाव्यात. बाख मुक्त आहे म्हणून एखाद्या संपादकाने नव्याने जोडलेल्या खुणा किंवा कालच्या वादकाचे ध्वनिमुद्रण मुक्त होत नाही. जर्मनीत तर संशोधनपूर्वक संपादित आवृत्त्यांना २५ वर्षांचे स्वतंत्र संरक्षण आहे. मुदतही देशागणिक बदलते: युरोपीय संघात रचनाकाराच्या निधनानंतर ७० वर्षे, भारतात ६०, तर अमेरिकेत जुन्या प्रकाशित रचनांसाठी प्रकाशनापासून ९५ वर्षे. स्ट्राविन्स्कीचे ‘राइट ऑफ स्प्रिंग’ हे १९१३ सालचे बॅले अमेरिकेत मुक्त आहे, पण त्याचे निधन १९७१ साली झाल्याने युरोपात ते २०४१ अखेरपर्यंत संरक्षित राहील. गेम इंटरनेटवरून सर्वत्र विकला जाणार असेल तर दोन्ही कसोट्या लावाव्यात. ‘अल्बिनोनीचा अडाजिओ’ ही नेहमीची फसगत. अल्बिनोनी अठराव्या शतकातला खरा, पण ती रचना रेमो जाझोत्तो यांनी १९५८ साली प्रसिद्ध केलेली असून त्यांचे निधन १९९८ साली झाले. मिडी फाइलही कोणाचे तरी रूपांतर असू शकते, म्हणून जुन्या छापील स्वरलिपीवरून स्वतः स्वर उतरवावेत, आणि कोणत्या प्रकाशकाची कोणत्या सालची आवृत्ती वापरली याची नोंद ठेवावी. व्हिडिओ-संकेतस्थळांवरील स्वयंचलित यंत्रणा आपल्या कामावर चुकीचा दावा लावते, तेव्हा ही नोंदच उपयोगी पडते.

सुरुवात बाखच्या पहिल्या, सी मेजर इन्व्हेन्शनने करा; ती २२ मापांची आहे. उजवा हात पहिल्या पल्सवर, डावा ट्रँगलवर ठेवा आणि दुसरा पल्स आधी रिकामाच राहू द्या. सगळे स्वर व त्यांच्यातील विराम नीट बसले, की दुसऱ्या पल्सवर पहिल्याचीच ओळ सहा फ्रेम उशिरा, एक तृतीयांश आवाजात ठेवा. त्या प्रतिध्वनीने रचना भरल्यासारखी वाटली तर पुढच्या सिन्फोनियाकडे वळा. चिखल झाल्यासारखी वाटली तर विराम अजून पुरेसे तोडलेले नाहीत, तेव्हा ट्रँगलच्या प्रत्येक स्वराचा शेवट एकेका फ्रेमने आखूड करीत पुन्हा ऐका.